मोटारसायकलच्या पेटीत कोणते पाने असावेत?



लावण, खोडवा, खत, पाणी, हुमणी या विषयांवर आपल्या अंकात जाणकार मंडळी नेहमी लिहितात. मी त्यातला जाणकार नव्हे. घरचा ऊस थोडका, आणि माझी उभी हयात मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून गेली. तेव्हा ज्या कामात आपले हात काळे झाले त्याच कामाविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे ठरविले आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एक तरी मोटारसायकल उभी असते. डेअरीला दूध घालावयाचे, वैरण आणावयाची, मुलांना शाळेत सोडावयाचे, ऊसतोडीच्या दिवसांत मुकादमाच्या मागे फिरावयाचे, सगळे तिच्यावरच. पण गाडीच्या नटाला नीट बसणारे पाने ज्याच्या घरी आहेत असा सभासद शोधून काढावा लागतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतील एका सभासदाची गेल्या उन्हाळ्यात पाणीपुरवठा संस्थेची पाळी रात्री साडेअकराला होती. खोडवा तहानलेला, म्हणून गडी अकरालाच निघाला. चेन महिनाभर ढिली होती, ती ओढ्याच्या चढावर उतरली आणि स्पॉकेट व चाक यांच्या सांदीत जाऊन अडकली. चाकाच्या आसाचा नट सैल करून चाक जरा पुढे सारले असते तर पाच मिनिटांत चेन निघाली असती. त्याच्याजवळ पानाही होता. पण कोणता, तर जबडा झिजलेला स्क्रू पाना. मोबाईलच्या उजेडात त्याने तो लावला, जोर केला, पाना सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. चार वेळा असे झाल्यावर नटाचे कोपरे गेले आणि नट गोल झाला. गाडी तिथेच टाकून तो चालत शेतावर पोचेतो पाटकऱ्याने पाणी पुढच्याला फिरविलेले होते. पाटकऱ्याची चूक नाही. पाळी म्हणजे पाळी. पुढची पाळी चौदा दिवसांनी. भर वैशाखातले चौदा दिवस खोडवा माना टाकून उभा राहिला, आणि पुढे काट्यावर काय झाले ते त्याचे त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी छन्नीने तो नट फोडून काढला. तेव्हा तो म्हणाला, "पाना हुता की माझ्याजवळ, पर त्यो बसंनाच!" मला या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. न बसणारा पाना जवळ असण्यापेक्षा पाना नसलेला परवडला. पाना नसता तर त्याने नटाला हात लावला नसता आणि कोणाची तरी गाडी थांबवून बसणारा पाना मागून घेतला असता.

आपल्या भागाला पाने काही नवे नाहीत. वीज येण्यापूर्वी नदीकाठी आणि विहिरीवर ऑईल इंजिने होती. किर्लोस्करांचा ऑईल इंजिनाचा कारखाना खडकीला सन १९४६ मध्ये निघाला, आणि कोल्हापुरातही पुढे उद्यमनगरात इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ते ओतणाऱ्या फाउंड्र्या वाढल्या त्या शेतकऱ्याच्या याच गरजेवर. ज्या घरी इंजिन, त्या घरी पत्र्याची पानापेटी. आमचे आबा शाळेत फार गेले नव्हते. पण काम झाल्यावर पाना चिंधीने पुसल्याशिवाय पेटीत जाऊ देत नसत. "तेलकट पाना हातातनं सुटतोय, आन् सुटला की हाडावर बसतोय," हे त्यांचे वाक्य मी मिल हाऊसमध्ये नव्या पोरांना तीस वर्षे ऐकविले.

मात्र ती आबांची पेटी मोटारसायकलला उपयोगी नाही, हे मी ठेच लागल्यावर शिकलो. त्या पेटीतले बरेच पाने व्हिटवर्थ म्हणजे इंची मापाचे. त्यातही गोम अशी की त्या पान्यावर जे माप छापलेले असते ते पान्याच्या तोंडाचे नसून बोल्टच्या जाडीचे असते. पाव इंच छापलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मि.मी. असते. तो बाराच्या नटावर बसतो असे वाटते, फिरतोही; पण कोपरे खातो. जुन्या बुलेट विलायती नमुन्यावरून मद्रासला तयार होत, त्यांना इंची पाने चालत. म्हैसूरची जावा-येझदी चेक नमुन्याची, फरिदाबादची राजदूत पोलंडच्या नमुन्याची, म्हणून त्या मि.मी.च्या मापात. सन १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली आणि सन १९९४ मध्ये स्प्लेंडर. तेव्हापासून आपल्या खेड्यापाड्यांत जपानी नमुन्याच्या गाड्यांचेच राज्य आहे. हिरो आणि होंडा यांची भागीदारी पुढे सुटली तरी नटांची मापे तीच राहिली.

आता मापाविषयी जी गोष्ट दुकानदारही सहसा सांगत नाही, ती सांगतो. पान्यावरचा मि.मी.चा आकडा हा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतराचा असतो. बोल्टच्या जाडीचा नव्हे. सहा मि.मी. जाडीच्या बोल्टला दहाचा पाना लागतो. आठ मि.मी.च्या बोल्टला जपानी पद्धतीत बाराचा पाना, तर हार्डवेअरच्या दुकानात सरसहा मिळणाऱ्या बोल्टला तेराचा. दहा मि.मी.च्या बोल्टला जपानी चौदाचा, आणि दुकानातल्या बोल्टला बहुधा सतराचा. म्हणजे होते काय, की गाडीचा एखादा बोल्ट वाटेत पडतो, आपण पंप दुरुस्तीच्या डब्यातला बोल्ट तिथे बसवितो, आणि वर्षभराने खोलावयास गेलो की बारा बसत नाही आणि चौदा सटकतो. मग पक्कड लावली जाते. पक्कड लावलेला नट मला लांबून ओळखू येतो. त्याचे तोंड उंदराने कुरतडल्यासारखे दिसते.

म्हणून पाने खरेदीला जाण्यापूर्वी एक काम करा. रविवारी सकाळी गाडी धुऊन घ्या, आणि शेजारच्या मिस्त्रीकडून किंवा पाहुण्याकडून तासाभरासाठी पान्यांचा पूर्ण सेट मागून आणा. वही घेऊन गाडीभोवती फिरा. जो नट तुम्ही स्वतः कधी तरी खोलणार आहात त्यालाच पाना लावून पाहा आणि माप लिहून ठेवा. चेन ताणावयाचे दोन नट, मागच्या चाकाचा आस, पुढच्या चाकाचा आस, इंजिन ऑईल सोडावयाचा खालचा बोल्ट, आरशाचा नट, ब्रेकच्या रॉडचा नट, बॅटरीची तारा धरणारी टोके, बाजूची कव्हरे. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर आठ, दहा, बारा, चौदा, सतरा ही मापे निघतील, आणि आसाचे एक-दोन मोठे नट. मोठ्या नटांचे माप माझ्यावर विसंबून घेऊ नका. गाडीगाडीत फरक आहे आणि नेमका तोच नट रात्री ओढ्यात दगा देतो. ही वही तयार झाली की तुमची निम्मी खरेदी झाली असे समजा. मग दुकानदार शंभर नगांची प्लॅस्टिकची चकचकीत पेटी पुढे करील तेव्हा तुम्हाला हसू येईल. अशी पेटी आमच्या भाच्याला लग्नात आहेरात आली आहे. तिच्यातल्या साठ नगांना अजून हवा लागलेली नाही, आणि जी दहाची गोटी रोज लागते ती दुसऱ्याच महिन्यात फुटली.

पान्यांचे प्रकार अनेक असले तरी आपल्याला तीन-चारच पुरेत. दुतोंडी उघडा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. जिथे वरून पाना घालता येत नाही तिथे तो लागतो, उदाहरणार्थ क्लच वायरचा नट. रिंग पाना नटाला चारी अंगांनी वेढतो, म्हणून घट्ट बसलेला नट पहिल्यांदा सैल करावयाचा तो रिंग पान्यानेच. माझी पसंती एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेल्या पान्याला आहे. एकाच मापाची दोन्ही कामे होतात. गोटी पाना घ्यावयाचा असेल तर सहा कोपऱ्यांची गोटी मागून घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी चटकन बसते खरी, पण कोपरे झिजलेल्या किंवा गंजलेल्या नटावर सहा कोपऱ्यांचीच पकड टिकते. दहा आणि बारा या दोन मापांचे टी पाने घेतले तर कव्हर खोलण्याचे काम निम्म्या वेळात होते. हा चैनीचा भाग आहे, पण परवडणारी चैन आहे.

प्लग पाना मात्र चैन नव्हे. बहुतेक छोट्या जपानी नमुन्याच्या गाड्यांच्या प्लगला सोळाचा प्लग पाना लागतो, तर जुन्या बुलेट, येझदी, राजदूतच्या जाड प्लगला एकवीसचा. दुकानात नुसता "प्लग पाना द्या" म्हणालात तर जो पुढ्यात असेल तो मिळेल. जुना प्लगच खिशात घालून न्यावा. प्लग बसविताना पाना आधी लावू नये. हाताने, दोन बोटांनी, तो सहज आत जाईल तेवढा फिरवावा आणि मग शेवटचा घट्टपणा पान्याने द्यावा. आटे वाकडे धरले गेले की हाताला लगेच कळते, पान्याला कळत नाही.

स्क्रू पाना पेटीत ठेवूच नका असे मी म्हणत नाही. नळाच्या कामाला तो ठेवा. गाडीच्या नटाला नको.

आता माल कसा ओळखावा. चांगला पाना घडाईच्या पोलादाचा असतो. त्यावर क्रोम व्हॅनेडियम असे ठसठशीत कोरलेले असते आणि भारतीय मानकाचा क्रमांकही पुष्कळदा असतो. उघड्या पान्यांना आय.एस. २०२८, रिंग पान्यांना आय.एस. २०२९. आपल्या राज्यात नाशिकजवळ सातपूरला टपारियाचा कारखाना सन १९६९ पासून स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे करू लागला. पंजाबात जालंधर-लुधियाना भागात तर हा धंदा घरोघरी आहे. तेव्हा देशी माल चांगला मिळतो, परदेशी नावाच्या मागे धावण्याचे कारण नाही. पण नुसता छाप पाहून भागत नाही, कारण नावातले एखादे अक्षर फिरवून केलेला मालही त्याच फळीवर असतो. माझी रीत अशी आहे. उद्यमनगरात पाने घ्यावयास जाताना खिशात गाडीचेच तीन-चार नवे नट घेऊन जातो. पाना नटावर चढविला की हलका डुलवून पाहतो. किंचित हालचाल राहणारच, पण तो डगमगला तर बाजूला ठेवतो. रिंगची भिंत पातळ आणि सारखी आहे का हे पाहतो. जाडजूड पाना मजबूत असतो ही आपली समजूत चुकीची आहे. हलक्या पोलादाला जाड करावे लागते, आणि मग तो इंजिनाजवळच्या सांदीत जातच नाही. कडा हाताला खरवडत असतील, मुलामा पोपडे धरत असेल तर तो पाना फुकटातही घेऊ नये. जुन्या बाजारात कधी कधी गेदोरे छापाचे पाने हाती लागतात. तोंड पसरलेले नसेल तर डोळे झाकून घ्या.

सगळे एकदम घेण्याचीही गरज नाही. उसाचा हप्ता आला की दोन पाने, दुसरा आला की आणखी दोन. वहीतल्या मापांपैकी आधी आसाच्या नटाचा, मग दहा, बारा, चौदा आणि सतरा.

स्क्रू ड्रायव्हरविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण पान्यापेक्षा जास्त नुकसान मी याच हत्याराने झालेले पाहिले आहे. जपानी नमुन्याच्या गाड्यांवर फुलीचे जे स्क्रू असतात त्यांची फुली आपल्या दुकानातल्या साध्या फिलिप्स ड्रायव्हरच्या टोकाशी तंतोतंत जुळत नाही. टोक पुरते खाली टेकत नाही, जोर केला की वर चढते आणि फुलीची वाटी होते. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, त्यावरून ते ओळखावेत. गाडीबरोबर कंपनीने दिलेला जो ड्रायव्हर सीटखाली पडलेला असतो त्याचे टोक बहुधा बरोबर असते. तो फेकू नका. नवा घ्यावयाचा तर दोन नंबर आणि तीन नंबर असे दोन घ्या. मोठ्या स्क्रूला दोन नंबर लावूनच निम्म्या फुल्या खराब होतात. घट्ट बसलेल्या स्क्रूला आदल्या रात्री केरोसीन आणि तेल यांचे दोन थेंब सोडावेत, सकाळी ड्रायव्हर सरळ उभा धरून त्याच्या बुडावर हातोडीची एक नेमकी टिचकी द्यावी, मग फिरवावा. फिरविण्याच्या जोरापेक्षा दाबण्याचा जोर जास्त असावा.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा पटावयाचा नाही.

मिल हाऊसमधले पाने वेगळे. तिथे हातभर लांबीच्या पान्यावर घण मारून नट आवळतात. दिवसभर ते करून घरी आलेल्या माणसाचा हात कसा असेल? नवी गाडी घेऊन सहा महिने झाले होते. मी घरीच ऑईल बदलावयास बसलो. जुने ऑईल सोडले, खालचा बोल्ट बसविला, आणि "गळायला नको" म्हणून पान्याच्या शेपटीत पाईपचा तुकडा घालून वर पाय दिला. बोल्ट आधी घट्ट झाला, मग एकदम हलका फिरू लागला. ज्याने ते कधी अनुभवले आहे त्याला माहीत आहे, त्या क्षणी पोटात काय होते. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे. आटे गेले ते कवचाचे. गाडी पंधरा दिवस उभी राहिली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. उद्यमनगरातल्या एका कारागिराने छिद्र मोठे करून नवे आटे बसवून दिले म्हणून कवच वाचले. खर्च झाला त्यात घरची पानापेटी दोनदा भरली असती. बायको एवढेच म्हणाली, "कारखान्यात बी असंच करता व्हय?"

हिशोब करून पाहा. अशा बोल्टला साधारण अडीच किलो-मीटर घट्टपणा लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात असतो, तोच खरा धरावा. अडीच किलो-मीटर म्हणजे काय? पहारीने दगड उचलताना पहार जितकी लांब तितका जोर कमी लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. तेच इथे. वीस सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा ओढा दिला की अडीच किलो-मीटर झाले. मी साठ किलोचा माणूस साठ सें.मी.च्या पाईपवर उभा राहिलो. साठ गुणिले शून्य पूर्णांक सहा, म्हणजे छत्तीस किलो-मीटर. पाहिजे त्याच्या चौदा पट. आटे बिचारे काय करतील?

यासाठी घट्टपणा मोजणारा टॉर्क पाना मिळतो. तो चांगला असतो, पण महाग, आणि घरच्या कामाला रोज लागत नाही. गल्लीत चार सभासदांनी मिळून एक घ्यावा. सहकाराचे पाणी आपण पितोच. तोपर्यंतची युक्ती अशी की, आपल्या घरी आकड्याचा ताणकाटा असतो, ज्याने आपण भाजीचे ओझे किंवा पेंडेचे पोते तोलतो. नटाच्या मध्यापासून वीस सें.मी. अंतरावर पान्याला सुतळीचा फास घाला, त्यात काट्याचा आकडा अडकवा आणि पान्याशी काटकोन धरून सावकाश ओढा. साडेबारा किलो दाखविले की थांबा. हे काही प्रयोगशाळेतले माप नव्हे, पण पाईपवर पाय देण्यापेक्षा शंभर पटींनी बरे. दोन-चार वेळा असे केले की हाताला अंदाज येतो, मग काटा लागत नाही. बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा घालावा. गळती थांबते ती वायसरने, जोराने नव्हे.

पान्याची लांबी नटाच्या मापाप्रमाणे कमी-जास्त का असते तेही यावरून ध्यानात येईल. दहाचा पाना आखूड असतो, तो कंपनीने पोलाद वाचविले म्हणून नव्हे. त्या नटाला तेवढाच जोर सोसतो म्हणून.

घरची पेटी आणि गाडीवरची थैली या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात. थैलीत आसाच्या नटाचा पाना, दहा-बाराचा एक पाना, प्लग पाना, दोन्ही टोके उलटसुलट बसणारा ड्रायव्हर, छोटी टोकदार पक्कड, एक नवा प्लग, एक चेन लॉक, एक-दोन फ्यूज, हातभर बांधणीची तार आणि चिंधी एवढे पुरे. चेन लॉकची क्लिप बसविताना तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला असावे. उलटी बसविली की खड्ड्यात निघून जाते. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर काढण्याची सुई-दोरी आणि पायाचा पंप घरी असू द्या. हवेचा दाब मोजण्याचे छोटे मीटर तर प्रत्येकाने घ्यावे. मागे दुधाचे दोन कॅन आणि वर वैरणीचा भारा घेऊन कमी हवेवर गाडी पळविणे हा आपल्याकडचा सरसकट रोग आहे. किती हवा भरावी ते गाडीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते, मागे ओझे असताना वेगळे आणि नसताना वेगळे.

चेनचे दोन शब्द. आपल्या रस्त्यांवर हंगामात पाचट, चिखल आणि ट्रॉलीतून सांडलेला ऊस असतो, त्यामुळे चेनची दशा शहरापेक्षा वाईट होते. चेनला इंजिनाचे जळके ऑईल चोपडण्याची पद्धत सोडावी. त्यावर धूळ बसून कानशीसारखा लेप होतो आणि चेन, स्पॉकेट दोन्ही खातो. केरोसीनने धुऊन, पुसून, मग स्वच्छ जाड तेल आतल्या बाजूने थोडे सोडावे. पेट्रोलने धुऊ नका. बहुतेक छोट्या गाड्यांना चेनचा ढिलेपणा २० ते ३० मि.मी. ठेवतात, मधोमध बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजावा, आणि चाक फिरवीत तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत ताठ जागा धरावी. दोन्ही बाजूंचे ताणनट सारखेच फिरवावेत, खुणा दोन्हीकडे सारख्या याव्यात. आणि कृपा करून इंजिन चालू ठेवून, गियर टाकून फिरत्या चेनला चिंधी लावू नका. मिलमध्ये काय किंवा अंगणात काय, फिरत्या साखळीला बोट आणि चिंधी यांतला फरक समजत नाही. चाक हातानेच फिरवावे.

घरी काय करू नये हेही सांगावे लागेल. सन २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या, तेव्हापासून नव्या गाड्यांतून बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आले. स्क्रू पिळून पेट्रोल कमी-जास्त करण्याचे दिवस त्या गाड्यांपुरते संपले. पुढच्या पाटीवर इंजिनाचा दिवा लागून राहिला तर पाने बाहेर काढू नका. ते निदान यंत्र लावूनच होते. डिस्क ब्रेकच्या तेलाची नळी हौसेने खोलू नये. टॅपेट सेट करावयाचे तर फीलर गेज पाहिजे, इंजिन गार पाहिजे आणि कोणी तरी एकदा समोर बसून दाखविलेले पाहिजे. कानाने टॅपेट लावणारे मिस्त्री होते, पण ते कान चाळीस वर्षांत तयार झाले होते. बाकी ऑईल, प्लग, एअर फिल्टर, चेन, ब्रेक आणि क्लच वायर ढिली-घट्ट करणे एवढे घरी झाले तरी वर्षातल्या निम्म्याहून अधिक खेपा वाचतात असा माझा अनुभव आहे.

पाने हरवितात ते झिजून नव्हे, शेजारी गेल्यामुळे. कारखान्याच्या टूल रूममध्ये प्रत्येक कामगाराच्या नावे पितळी टोकन असत. पाना नेला की त्याच्या खिळ्यावर टोकन अडकवावयाचे, परत केला की टोकन घ्यावयाचे. सेवानिवृत्त झाल्यावर मी घरच्या भिंतीवर फळी ठोकली, प्रत्येक पान्याची आकृती खडूने काढली आणि डब्यांच्या झाकणांची टोकने केली. प्रथम गल्लीतली मंडळी हसली. "घरात बी टूल रूम काढली काय, आण्णा?" म्हणाली. आता पाना मागावयास येणारा आधी खिळ्याकडे हात नेतो. पाळी चुकलेल्या त्या सभासदाने तर स्वतःची पेटी केली आहे; आसाच्या नटाचा रिंग पाना त्याने दोन घेतले, एक घरी, एक गाडीवर. त्याची थोरली मुलगी दहावीत आहे. चेन आता तीच ताणते आणि दोन्ही बाजूंच्या खुणा पट्टी लावून पाहते, बापापेक्षा नीट.

हा लेख लिहिताना फळीकडे पाहिले. दहाच्या पान्याची जागा रिकामी आहे आणि खिळ्यावर तिचेच टोकन आहे.